तिसरी कॅसेट

जुलै २०१६ मध्ये जपानमधल्या फुनाई नावाच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तोपर्यंत हे यंत्र बनवणारी ती शेवटची कंपनी उरली होती. सुटे भाग मिळेनासे झाले आणि गिऱ्हाईक आटलं. तरी आदल्या वर्षी तिने साडेसात लाख यंत्रं विकली होती. म्हणजे २०१५ सालीसुद्धा जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणी तरी नवा व्हीसीआर घरी आणत होतं, त्यावर क्रोशाचा रुमालही घालत असेल कदाचित.

माणूस गेला की मृत्युलेख येतो, गिरणी बंद पडली की अग्रलेख येतो, घरातली वस्तू गेली की भंगारवाला येतो. रॉकेलचा स्टोव्ह गेला, पाणी तापवायचा बंब गेला, ट्रंककॉल गेला; कुणी मागे वळून पाहिलं नाही. व्हीसीआरचं मात्र थोडं निराळं झालं. तो गेल्यावर त्याच्याविषयी लोक जास्त बोलू लागले. पन्नाशी ओलांडलेली चार माणसं लग्नाच्या पंगतीला शेजारी बसली की जिलबी येईपर्यंत विषय निघतोच : ‘आठवतं का, रात्रभर व्हिडिओ आणायचो ते?’ आणि मग सगळ्यांचे चेहरे असे काही उजळतात की वाढप्याला दोनदा हाक मारावी लागते.

मी हिशेबी माणूस. तीसहून अधिक वर्षं बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या संध्याकाळी कॅश जुळल्यानंतर. त्यामुळे एखाद्या गोष्टीची हुरहूर लागली, की ती नेमकी कुठल्या खात्यात टाकायची हा प्रश्न मला पडतो. व्हिडिओच्या बाबतीत आपल्याला हुरहूर लागते ती कशाची?

चित्राची तर खचितच नाही. आपण जे पाहत होतो ते आजच्या मुलांना दाखवलं तर ती टीव्ही बिघडला म्हणतील. हातात पडणारी कॅसेट बहुधा प्रतीच्या प्रतीची प्रत असायची. चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत नायिकेच्या साडीचा लाल रंग साडीबाहेर सांडून मागच्या भिंतीवर पसरलेला असे. खालून एक पांढरा पट्टा वर चढायचा आणि कुणी तरी ‘ट्रॅकिंग, ट्रॅकिंग’ असं ओरडायचं. पडद्याच्या तळाशी कुठल्याशा साबणाची किंवा साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत जायची, तीही नेमकी नायकाची आई शेवटचा श्वास घेत असताना. कॅसेट तीन तासांची आणि सिनेमा त्याहून लांब असला तर एखाद्-दुसरं गाणं गुपचूप कापलेलं असे.

त्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची फीत असायची, अडीचशे मीटरांहून लांब. यंत्रात तिच्यासमोर एक चकचकीत दंडगोल मिनिटाला दीड हजार वेळा फिरायचा, आणि त्यावरची दोन बारीक हेडं फितीवरचं चित्र उचलायची. त्या हेडांवर धुळीचा कण बसला की पडदाभर मुंग्या. मग दुकानातला पोऱ्या सायकलवरून यायचा, झाकण काढायचा, स्पिरिटने हेड पुसायचा. स्पिरिट नसलं तर खिशातून कोरी नोट काढून तिच्याने पुसायचा. बँकेतल्या माणसासमोर हे असं चालायचं! पावसाळ्यात फितीला बुरशी धरायची ती वेगळीच. अशा वस्तूवर कुणी जीव टाकावा असं तिच्यात काही नव्हतं.

तेव्हा हुरहुरीचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सोनीचं बेटामॅक्स १९७५ सालचं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. आपल्याकडे लाट आली ती १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीला आशियाई खेळ झाले, दूरदर्शन रंगीत झालं आणि रंगीत संच बाहेरून आणायला सरकारने सवलत दिली. त्याच सुमारास आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसं, त्यांत आपल्या कोकणातलीही पुष्कळ, सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन उतरू लागली. तोपर्यंत घरातला सिनेमा म्हणजे मुंबई दूरदर्शनचा : शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी संध्याकाळी हिंदी. कुठला ते दूरदर्शन ठरवणार, मध्ये बातम्या येणार आणि ऐन रंगात ‘व्यत्यय’ अशी पाटी येणार. आपण फक्त सतरंजीवर जागा धरायची.

व्हीसीआरने पहिल्यांदा घरातल्या माणसांना प्रश्न विचारला : तुम्हाला काय पाहायचंय? आज हा प्रश्न आपल्याला दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. तेव्हा तो प्रश्न नवा होता आणि, मुख्य म्हणजे, तो एकट्याला विचारलेला नव्हता. कारण पैसे एकट्याचे नव्हते.

आम्ही तेव्हा पुण्याला नारायण पेठेत एका वाड्यात राहत होतो. नऊ बिऱ्हाडं. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो आणि व्हीसीआरची किंमत माझ्या वर्षाच्या पगाराला भिडत होती. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता; भाड्याने आणायचा. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मिळून रात्री आठ ते सकाळी आठ शंभर रुपये, कॅसेट दहा रुपयांना एक, आणि अनामत म्हणून कुणाचं तरी रेशनकार्ड. बिऱ्हाडी पंधरा रुपये वर्गणी. नऊ पंधरे एकशेपस्तीस, खर्च एकशेतीस, उरलेले पाच रुपये पुढच्या खेपेला जमा. हा हिशेब एका वहीत लिहिलेला असे आणि ‘बँकेतला’ म्हणून ती वही माझ्याकडे आली. माझ्या नोकरीतलं ते पहिलं सन्माननीय खातं.

आठ ते आठ या बारा तासांत तीन सिनेमे बसत. म्हणून तीन कॅसेट. आता नऊ बिऱ्हाडांत मिळून चाळीसेक माणसं, आणि तीन कॅसेट. ज्यांनी ही बैठक पाहिली नाही त्यांना लोकशाहीची कल्पना नाही असं मी म्हणेन. लायब्ररीतून आणलेली फाटक्या पुठ्ठ्याची यादी चौकातल्या कठड्यावर ठेवलेली, दिवेलागणीची वेळ, आणि कुणाला मारामारी हवी, कुणाला रडायला हवं, कुणाला ‘मुलांच्या देखत बघता येईल असं काही तरी’ हवं.

पहिल्या कॅसेटवर कधी वाद झाला नाही. ती नव्या हिंदी सिनेमाची. गावात जो गाजतोय तो. दुसरी बायकामुलांची. पुढे पुढे ‘धूमधडाका’ (१९८५), ‘गंमत जंमत’ (१९८७) हे सिनेमे आले आणि दुसऱ्या कॅसेटचाही प्रश्न मिटला. खरी लढाई व्हायची ती तिसरीवर. तिसरी कॅसेट हे उरलेल्या सगळ्या आवडीनिवडींचं गाठोडं होतं. एका खेपेला ही लढाई इतकी हातघाईवर आली, की दोन बिऱ्हाडांनी आठवडाभर एकमेकांकडे विरजण मागितलं नाही. तेव्हा वाड्यातल्या निवृत्त मास्तरांनी तोडगा काढला : तिसरी कॅसेट पाळीपाळीने एकेका बिऱ्हाडाची. ज्याची पाळी त्याने सांगावं, बाकीच्यांनी नाक मुरडू नये. आणि दुसरी अट अशी, की ज्याची कॅसेट त्याला ती एकट्याला पाहायला लावायची नाही. प्रत्येक बिऱ्हाडातलं निदान एक माणूस शेवटपर्यंत बसेल. वहीच्या शेवटच्या पानावर मी पाळ्या लिहिल्या.

तिसरी कॅसेट लागायची ती उत्तररात्री, दोनच्या पुढे. मुलं सतरंजीवर आडवी झालेली, मसाला दुधाच्या पातेल्याला साय धरलेली, आणि कुणाच्या तरी आवडीचा, आपल्या बिलकूल नावडीचा सिनेमा सुरू होणार. डोळ्यांत झोप, पण उठायची सोय नाही. तुमच्या बिऱ्हाडाचा माणूस म्हणून तुम्हाला बसवलेलं.

मास्तरांनी ‘सिंहासन’ (१९७९) मागवला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, जब्बार पटेलांचा. सिनेमा संपल्यावर पहाटे पाच वाजता चौकात मंत्रिमंडळ पाडण्यावरून जे वाद झाले ते दूधवाला येईपर्यंत चालले. माडीवरच्या कॉलेजच्या पोरांनी ‘एंटर द ड्रॅगन’ आणला. त्यांच्यासाठी बसलेल्या एका काकूंनी आरशांच्या खोलीतली मारामारी पाहताना हातातले तांदूळ निवडणं थांबवलं, आणि ‘अरे, तो बघ मागे!’ असं ब्रूस लीला मराठीतून सावध केलं. तळमजल्यावर एक एसटीचे ड्रायव्हर राहत. मितभाषी माणूस. त्यांनी ‘नया दौर’ सांगितला. १९५७ सालचा, टांगा विरुद्ध बसचा. आम्ही हसलो, बसवाल्याला टांगेवाल्याची बाजू कशी चालते म्हणून. ते म्हणाले, ‘‘मी बस चालवतो, पण आमचा बाप टांगा हाकायचा. बस आली आणि त्याचा टांगा गेला.’’ सहा वर्षं आम्ही त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही तरी कशाला विचारणार होतो?

आमच्या बिऱ्हाडाची पाळी १९८६ च्या कोजागिरीला आली. मला आणि धाकट्या भावाला काय हवं होतं ते आता आठवत नाही, कारण वडील म्हणाले, ‘‘या वेळी आईला विचारा.’’ आई म्हणजे आमची आजी. वय चौऱ्याहत्तर. सिनेमाचा आणि तिचा संबंध ‘संत तुकाराम’पुरता, असा आमचा समज. तिने क्षणभर विचारही केला नाही. म्हणाली, ‘‘कुंकू मिळतो का बघ.’’

प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांतारामांनी केलेला. एका वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायचं नाकारते, अशी त्याची गोष्ट. नीरा झाली होती शांता आपटे, काकासाहेब झाले होते केशवराव दाते. तो पुण्यात लागला तेव्हा आजी पंचवीस वर्षांची होती. घरातले पुरुष जाऊन पाहून आले. बायकांना कुणी नेलं नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं ते सदतिसाव्या वर्षीच्या बिजवराशी, म्हणजे माझ्या आजोबांशी, हे आम्हाला माहीत होतं. घरात वयं माहीत असतात तसं माहीत होतं, एवढंच.

लायब्ररीवाल्याकडे कुणी तरी दूरदर्शनवरून उतरवून घेतलेली एक प्रत निघाली. चित्र पावसात उभं राहून पाहावं तसं. आजी पडद्यापासून चार हातांवर पाट घेऊन बसली. सव्वादोनला सुरू झालेला सिनेमा पाच वाजायच्या सुमारास संपला. तोवर चौकात जागी माणसं आठ-दहाच; अटीप्रमाणे प्रत्येक बिऱ्हाडातलं एकेक. आजी सबंध वेळ एक अक्षर बोलली नाही. यंत्र बंद झालं तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कुणाकडेच न पाहता म्हणाली, ‘‘एवढं बोलता येत होतं होय?’’

आणि बंब पेटवायला निघून गेली.

पुढच्या महिनाभरात तिने माझ्या आईला आपल्या लग्नाची हकिकत सांगितली. एकदम नाही, भाजी निवडताना थोडी, वाती वळताना थोडी. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याचे पिकलेले कल्ले तिने पहिल्यांदा पाहिले होते. आजोबा वाईट नव्हते, असं ती दर वाक्यानंतर म्हणायची. पंचवीस वर्षं त्या दोघी सासू-सुना एका स्वयंपाकघरात वावरत होत्या. इतक्या वर्षांत हा विषय निघाला नव्हता, तो एका दहा रुपयांच्या कॅसेटने काढला. आजीने ‘कुंकू’ पाहिला हे महत्त्वाचं आहेच. पण ती तो पाहत असताना आम्ही तिथे बसलेलो होतो, हे मला आज जास्त मोलाचं वाटतं.

आता खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. जमेच्या बाजूचीच वही लिहिणाऱ्याला बँकेत ठेवत नाहीत.

भाड्याने मिळणाऱ्या त्या कॅसेटींतल्या पुष्कळ चोरीच्या होत्या. सिनेमा थिएटरात लागायचा शुक्रवारी आणि लायब्ररीच्या यादीत कधी कधी त्याच आठवड्यात. ही चोरी एवढी वाढली, की १९८४ साली कॉपीराइटचा कायदा दुरुस्त करावा लागला. शिक्षा वाढली, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत कॅसेटवर असणं सक्तीचं झालं. थिएटरं ओस पडू लागली, मध्यमवर्गीय कुटुंबं तिकडे फिरकेनाशी झाली. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला तेव्हा राजश्रीने सुरुवातीला त्याची व्हिडिओ कॅसेट बाजारात आणलीच नाही. सबंध कुटुंब नटूनथटून पुन्हा थिएटरात जाताना दिसलं, त्यामागे हे एक कारण होतं. घरातल्या आपल्या त्या सोहळ्याचा भार कुणावर पडत होता, याचा हिशेब व्हिडिओच्या आठवणींत सहसा येत नाही.

आणि त्या सोहळ्यात सगळे सारखे होते असंही नाही. खुर्च्या पुरुषांच्या, सतरंजी बायकांची. मध्यंतराला चहा हवा तर सतरंजीवरचं कुणी तरी उठणार; ज्या दृश्यावर आम्ही पुढे महिनाभर बोलायचो ते दृश्य चहा करणाऱ्या बाईने पाहिलेलंच नसायचं. वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंची दोन मुलं दिंडी दरवाज्याच्या उंबऱ्यावर बसून सिनेमे पाहायची. त्यांना कुणी हाकललं नाही, हे खरं. पण त्यांनी वर्गणी दिली नव्हती, म्हणून त्यांना पाळीही नव्हती. त्या दोघांनी तिसरी कॅसेट कुठली मागितली असती? वहीत त्यांच्या नावाचा रकानाच नाही.

तेव्हा ‘जुने दिवस सोन्याचे’ असं काही मला म्हणायचं नाही. ते पितळेचेच होते. थोडी कल्हई होती. मला म्हणायचंय ते त्या तिसऱ्या कॅसेटपुरतं.

पुढे काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. १९९१ चं आखाती युद्ध लोकांनी उपग्रह वाहिनीवर पाहिलं, गच्च्यांवरून केबलच्या तारा धावल्या, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला. केबलवाला स्वतःच दुपारी नि रात्री सिनेमा लावू लागला. कॅसेट आणायला कोण जाणार? चौकातली नऊ बिऱ्हाडांची वर्गणी गेली आणि घरटी महिन्याचं बिल आलं. लायब्ररीवाल्यांनी थोडे दिवस सीडी ठेवल्या, मग झेरॉक्सचं यंत्र ठेवलं, मग मोबाइलची कव्हरं. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आपल्याकडे आलं, त्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झालं, आणि बिल घरटीवरून माणशी झालं. आता आमच्या घरात पाच माणसं आणि सहा पडदे. सहावा भिंतीवरचा मोठा. तो बहुतेक वेळ बंद असतो. आमच्याच घराची ही तऱ्हा आहे असं मला वाटत नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी जॉइंट अकाउंट होतं. पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या लागायच्या. कटकट होती. दुसऱ्याची मनधरणी करावी लागायची, प्रसंगी त्याचं ऐकावं लागायचं. आता प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. सही लागत नाही, विचारावं लागत नाही, भांडण तर होतच नाही. किती शांतता आहे घरात! मी अशी खाती पुष्कळ पाहिली आहेत. जॉइंट खातं मोडून दोन वेगळी खाती काढायला येणारे नवरा-बायकोही काउंटरवर फार शांत असतात.

स्वस्ताई वाईट नाही. पंधरा रुपये देताना ज्या बाईला मागल्या महिन्याचं किराण्याचं बिल आठवायचं, तिला आज हवं ते पाहता येतं, याचा मला आनंद आहे. अडचण दुसरी आहे. हल्ली जे यंत्र आपल्याला सिनेमे सुचवतं ते भलतंच हुशार आहे. मी काय पाहिलं, कुठे थांबवलं, कुठे पुढे ढकललं, याची नोंद ठेवून ते मला माझ्याच आवडीचं पुढचं काढून देतं. माझी पहिली आणि दुसरी कॅसेट ते उत्तम निवडतं. मास्तरांनाही जमलं नसतं इतकं उत्तम. पण तिसरी कॅसेट निवडणं त्याच्या कामात बसत नाही. कारण तिसरी कॅसेट माझ्यासाठी नसतेच. ती ड्रायव्हरसाहेबांची असते, माडीवरच्या पोरांची असते, आजीची असते. मी फक्त सोबतीला बसायचं असतं.

आजी आज असती तर काय झालं असतं, हा विचार मी पुष्कळदा करतो. वडिलांनी तिला मोबाइल घेऊन दिला असता. नातसुनेने वापरायला शिकवलं असतं. ‘कुंकू’ तिला मागावाही लागला नसता, पाळीची वाट पाहावी लागली नसती. दुपारी दोन वाजता, पलंगावर भिंतीला टेकून, कानात ते बोंडूक घालून तिने तो आरामात पाहिला असता, चित्रही स्वच्छ दिसलं असतं. आणि शेवटी ती म्हणाली असती, ‘‘एवढं बोलता येत होतं होय?’’

ऐकायला खोलीत कुणी नसतं.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा सहकुटुंब बंगळूरहून पुण्याला राहायला आला. नात अकरा वर्षांची. शाळा बदललेली, मैत्रिणी तिकडे राहिलेल्या. विचारलं की ‘‘छान आहे’’ म्हणायची आणि दार लोटून घ्यायची. एका शनिवारी मी वाड्यातली ती पद्धत तिला सांगितली आणि म्हटलं, ‘‘आज तुझी पाळी. काय लावायचं?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्हाला नाही आवडणार, आबा.’’ म्हटलं, ‘‘ते नाही विचारलं.’’ तिने ‘स्पिरिटेड अवे’ लावला. जपानी सिनेमा, हायाओ मियाझाकींचा, २००१ सालचा, ऑस्कर मिळालेला. मी ‘कार्टून’ म्हटलं, तर मला दुरुस्त करण्यात आलं.

घर बदलून नव्या गावाला निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत त्या सिनेमाची सुरुवात होते. मागच्या सीटवर मुलगी फुरंगटून आडवी पडलेली. पुढे ती भुताखेतांच्या एका स्नानगृहात कामाला लागते; तिथली मालकीण करारावर सही घेते आणि त्या सहीबरोबर मुलीचं नावच काढून घेते. करारावरच्या सह्या घेण्यात माझी हयात गेली. सहीनिशी नाव जातं हे काही कुठल्या सर्क्युलरमध्ये वाचलं नव्हतं. मी हे तिला म्हटलं, तेव्हा ती पडद्याकडेच पाहत म्हणाली, ‘‘नव्या शाळेत मला सगळे आडनावाने हाक मारतात. माझं नाव कुणाला माहीतच नाहीये.’’

तिचे आई-वडील दोघंही खोलीत होते. दोघांनी हातातले मोबाइल खाली ठेवले. सोमवारी सूनबाई शाळेत जाऊन बाईंना भेटून आल्या.

माणसं आपल्याविषयीच्या गोष्टी विचारल्यावर सांगत नाहीत. आजीने सांगितलं नाही, ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलं नाही, अकरा वर्षांची नातही सांगत नव्हती. ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट पुढे करतात आणि आपण शेजारी बसलोय का, ते पाहतात. बसलेलो असलो तर एखादं वाक्य निसटतं. त्या जुन्या यंत्राने आपल्याला शेजारी बसायला भाग पाडलं ते केवळ पैसे कमी होते म्हणून. आता पैशाची सक्ती नाही, तर बसणं आपणच ठरवून करावं लागेल.

म्हणून एक सुचवतो. भंगारबाजारात व्हीसीआर शोधत फिरू नका. मिळाला तर हेड पुसायला कोरी नोट लागेल. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. घरातल्या माणसांची नावं एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. कागदावर घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस हवं, सगळ्यांत लहान पोर हवं, आणि घरात कामाला येणाऱ्या बाई त्या वेळी असतील तर त्यांचंही नाव हवं. आमच्या वहीतला तो रकाना रिकामा राहिला होता. ज्याची पाळी त्याने सांगावं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. चहा पाळीपाळीने, आणि चहा होईपर्यंत सिनेमा थांबवून ठेवायचा. ही सोय आपल्याकडे आहे. संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. झोप आली तर तिथेच डुलकी काढावी, पण तिथेच.

पहिल्या दोन-तीन खेपांना कंटाळा येईल. कुणी क्रिकेटची जुनी मॅच लावेल, कुणी चार वेळा पाहिलेला सिनेमा पाचव्यांदा लावेल, एखादी आजी कीर्तन लावेल. लावू द्या. आमच्या वाड्यातही नऊ पाळ्यांतल्या पाच-सहा कंटाळवाण्याच गेल्या. वहीत त्यांचेही दहा-दहा रुपये लिहिलेले आहेत.